खिडकी उघडी, कारकून अडकलेला

सोमवारी सकाळी साडेदहाला पहिला फोन आला, "मेल येत नाहीयेत." अकरापर्यंत असे दहा फोन झाले. सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर प्रोसेसर जवळजवळ निवांत, मेमरी मोकळी, डिस्कवर जागा भरपूर. कुठे काही बिघडलंय असं वाटावं अशी एकही खूण नाही. मी तेव्हा एका मध्यम आकाराच्या कचेरीत सिस्टीम ॲडमिन होतो आणि अशा वेळी सगळे जे करतात तेच मी केलं. डीमन रीस्टार्ट केला. पाच मिनिटं मेल धो धो आले आणि पुन्हा सगळं ठप्प.

डीमन म्हणजे पडद्यामागे अखंड चालू असणारा प्रोग्राम. १९६३च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये हा शब्द रुळला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने कल्पिलेला, रेणू पारखून पलीकडे सोडणारा द्वारपाल तिथल्या मंडळींच्या डोक्यात होता. आपला वेताळ त्या मानाने बरा, तो निदान प्रश्न तरी विचारतो. डीमन अडकला की गप्प बसतो.

आमच्याकडे पोस्टफिक्स नावाचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर होतं. वित्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना ते लिहिलं आणि १९९८च्या डिसेंबरात ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याचा कारभार जुन्या पोस्ट ऑफिससारखा चालतो. 'मास्टर' नावाची प्रक्रिया म्हणजे पोस्टमास्तर. पोर्ट २५वर बाहेरचा एखादा सर्व्हर पत्र घेऊन आला की मास्टर त्याच्यासाठी एक कारकून खिडकीवर बसवतो. एका कारकुनासमोर एका वेळी एकच गिऱ्हाईक. असे जास्तीत जास्त १०० कारकून, ही मुळातली मर्यादा.

मग एकशेएकावा आला तर? त्याला दार बंद दिसत नाही, खरी मेख इथेच आहे. नेटवर्कवरची (टीसीपी) जोडणी डीमन करत नाही, ती ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, परस्पर करून टाकतं आणि आलेल्याला बाकावर बसवून ठेवतं. एसएमटीपी, म्हणजे मेल पोचवण्याच्या नियमावलीच्या शिरस्त्याप्रमाणे, जोडणी झाल्यावर आधी सर्व्हरने '२२०' म्हणून स्वागत करायचं असतं. पण ते म्हणायला कारकूनच मोकळा नाही. बाहेरचा बिचारा खिडकीपाशी उभा, आत दिवे चालू, आणि कोणी 'या' म्हणत नाही.

म्हणून पहिली तपासणी अगदी साधी असते. दुसऱ्या मशीनवरून टेलनेटने पोर्ट २५ गाठायचं आणि घड्याळाकडे बघायचं. तत्काळ नकार आला तर बहुधा डीमनच बंद पडलाय. जोडणीच होत नसेल तर फायरवॉल पाहा, नाहीतर कर्नलची रांगच भरली असेल. १९९६च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीचे सर्व्हर अशीच रांग अर्धवट जोडण्यांच्या माऱ्याने भरल्यामुळे गुदमरले होते. आणि जोडणी चटकन झाली, पण २२० यायला अर्धा मिनिट लागला, तर कारकून कमी पडतायत. आमचं तेच होतं. लॉगमध्ये मास्टरने तसं लिहूनही ठेवलं होतं: १००ची मर्यादा गाठली आहे, नव्या गिऱ्हाइकांना विलंब होईल. मी रीस्टार्टच्या घाईत ते वाचलंच नव्हतं.

वाचल्यावरही शहाणपण आलं नाही. मी १००चे ५०० केले. पोस्टफिक्सचा कारकून तसा अल्पाहारी. पण प्रत्येकामागे व्हायरस तपासणारा एक खादाड सोबती उभा होता. तासाभरात मेमरी संपली, मशीन स्वॅपवर गेलं आणि लिनक्सने स्वतःचा जीव वाचवायला सर्वांत लठ्ठ प्रक्रिया, म्हणजे तो व्हायरस-तपासनीसच, मारून टाकला. तो वाचता तरी पुढे पत्त्यांचा डेटाबेस होताच. मायएसक्यूएल मुळात १५१ जोडण्यांवर हात वर करतं. मर्यादा नुसती वाढवली की बिघाड दुरुस्त होत नाही, तो शेजारच्या खोलीत जातो.

दुपारी शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब चौथीतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. सेकंदाला किती गिऱ्हाइकं येतात आणि एकेकाला किती सेकंद लागतात यांचा गुणाकार केला की एका वेळी किती कारकून गुंतलेले असतील ते कळतं. रांगांच्या शास्त्रातला हा नियम जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केला. सेकंदाला पाच गिऱ्हाइकं आणि प्रत्येकाला दोन सेकंद, तर दहा कारकून पुरतात. तेच काम तीस सेकंदांचं झालं तर दीडशे लागतात. गर्दी तेवढीच, फक्त वेळ वाढलेला. रविवारी सेकंदाला दोनच येत होते, त्यामुळे साठ कारकुनांत भागत होतं आणि कुणाला पत्ता लागला नव्हता. दुखणं शनिवार-रविवारपासूनचं, ताप सोमवारी भरला.

तीस सेकंद जात होते कुठे? डीएनएसमध्ये, म्हणजे नाव-पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेत. पत्र आणणाऱ्याचा पत्ता खरा आहे का आणि तो स्पॅमवाल्यांच्या काळ्या याद्यांत आहे का, हे कारकून आधी विचारून घेतो. आमच्या याद्यांपैकी एक बंद पडली होती. लिनक्समध्ये साधारणपणे अशा प्रश्नाला पाच सेकंद वाट पाहतात, मग पुन्हा विचारतात, दुसरा डीएनएस सर्व्हर असेल तर त्यालाही विचारतात. शंभर कारकून खिडकीवर हजर होते आणि सगळे कानाला फोन लावून बसले होते, पलीकडे उचलणारं कोणी नव्हतं. प्रोसेसर निवांत का दिसत होता, ते तेव्हा उलगडलं. सेटिंग्जमधून त्या बंद यादीची ओळ काढली, मशीनवरच डीएनएसची स्थानिक साठवण बसवली, आणि दहा मिनिटांत रांग वाहती झाली.

अशा वेळी लोकांना मेल हरवण्याची भीती वाटते. ती बरीचशी अनाठायी आहे. एसएमटीपीचं मानक जॉन पोस्टेल यांनी १९८२मध्ये लिहिलं ते अडखळणारी नेटवर्कं गृहीत धरूनच. सर्व्हरने '४२१' म्हटलं की समोरचा समजतो, आत्ता नाही, नंतर या. मानकाप्रमाणे त्याने निदान अर्ध्या तासाने परत यावं आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नये. म्हणून स्पष्ट नकार देणारा सर्व्हर मला ताटकळत ठेवणाऱ्यापेक्षा सभ्य वाटतो. सेंडमेल हा जुना मेल सर्व्हर यात खमक्या: दर प्रोसेसरमागे लोड ८च्या वर गेला की पत्रं रांगेत टाकतो आणि १२च्या वर नवी जोडणी घेतच नाही.

पोस्टफिक्सही पुढे ते शिकलं. आता सगळे कारकून गुंतले की ते आपणच स्वभाव बदलतं. एरवी गप्प गिऱ्हाइकासाठी ३०० सेकंद थांबणारा कारकून गर्दीत १० सेकंदांत खिडकी लावतो. एरवी २० चुका पोटात घालतो, गर्दीत एकच. २०११च्या आवृत्तीत दाराशी पोस्टस्क्रीन नावाचा रखवालदार आला. तो एकटाच शेकडो जणांना सांभाळतो आणि स्वागत पूर्ण करायला मुद्दाम सहा सेकंद लावतो. खरा मेल सर्व्हर आपली पाळी येईपर्यंत थांबतो, स्पॅम पाठवणारे बरेचसे प्रोग्राम मध्येच बोलायला लागतात आणि तिथेच सापडतात. एक आकडा मात्र अजून हाताने बदलावा लागतो. एकाच गिऱ्हाइकाला एका वेळी ५० जोडण्यांची मुभा असते, म्हणजे एकटा माणूस निम्म्या खिडक्या अडवू शकतो. मी तो दहावर आणला.

कारकुनांची संख्या त्याच संध्याकाळी पुन्हा १०० केली. मी ती कचेरी सोडेपर्यंत ती तेवढीच होती.