जेम्स विल्सन : धान्याच्या भावावर लिहिणारा पत्रकार

धान्याचा भाव, सरकारी कर आणि व्यापाराचे कायदे हे विषय सामान्य वाचकास समजतील अशा रीतीनें मांडणें हें पत्रकाराचें एक मोठें काम होय. तें नीट झालें तर देशाचा कायदाही बदलूं शकतो. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे संस्थापक जेम्स विल्सन हे ह्याचें ठळक उदाहरण आहे. ह्याच गृहस्थांनीं पुढें हिंदुस्थानांत प्राप्तिकर आणला. म्हणून शेतकरी बंधूंनीं त्यांची हकीकत जाणून घेणें अगत्याचें वाटतें.

विल्सन यांचा जन्म १८०५ सालीं स्कॉटलंडमधील हॉइक येथें झाला. सोळाव्या वर्षीं ते टोप्या बनविण्याच्या धंद्यांत उमेदवारीस लागले व १८२४ सालीं लंडनला गेले. धंदा चांगला चालला. परंतु पुढें त्यांनीं निळीच्या सट्ट्यांत हात घातला आणि १८३७ च्या मंदींत मिळकतीचा बराच भाग गमावला. तरी दिवाळें न काढतां, मालमत्ता विकून त्यांनीं देणीं भागविलीं. चढलेला भाव कोसळतो कसा, ह्याचा धडा त्यांस असा पदरचे पैसे देऊन मिळाला होता.

त्या काळीं इंग्लंडांत धान्याचा कायदा अमलांत होता. १८१५ च्या कायद्यान्वयें देशांतील गव्हाचा भाव एका क्वार्टरास, म्हणजे सुमारें २१८ किलोस, ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू विकण्यास बंदी होती. पुढें बंदीऐवजीं भावाप्रमाणें कमीजास्त होणारी जकात आली. गिरणीमालक व मजूर महागाईमुळें ह्या कायद्याविरुद्ध होते. जमीनदार आपल्या हितासाठीं तो टिकवूं पाहात होते.

१८३९ सालीं विल्सन यांनीं एक पुस्तिका लिहून निराळाच मुद्दा पुढें आणला. हा कायदा खुद्द शेतीसही बाधक आहे, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें. भाव चढला कीं शेतकरी गव्हाखालीं अधिक जमीन घालतो व चढ्या भावाच्या भरंवशावर भारी खंड कबूल करतो. मग सुगी चांगली झाली म्हणजे माल तुंबतो. देशांतील भाव बाहेरच्यापेक्षां जास्त असल्यानें तो परदेशीं जात नाहीं आणि बाजार बसतो. शेतकरी बुडतो, पेरा घटतो, व पुन्हां टंचाई येते. कांद्याच्या भावाचे चढउतार ज्यानें सोसले आहेत, त्यास हें रहाटगाडगें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

हाच विचार दर आठवड्यास लोकांपुढें ठेवावा म्हणून त्यांनीं १८४३ च्या सप्टेंबरांत ‘इकॉनॉमिस्ट’ नियमित सुरू केलें. आरंभींच्या मथळ्यांत राजकारण व व्यापार यांच्या जोडीस शेतीचेंही नांव होतें. आवेशापेक्षां हिशेबावर भर, ही त्यांच्या लेखणीची रीत होती. १८४६ सालीं पार्लमेंटानें तो कायदा रद्द केला. अर्थात् हें यश एकट्या विल्सन यांचें नव्हतें. कॉब्डन व ब्राइट यांची चळवळ आणि १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्यावर पडलेला रोग, हींही मोठीं कारणें होतीं.

मात्र त्याच आयरिश दुष्काळांत, सरकारनें बाजारांत हात घालूं नये, असा ‘इकॉनॉमिस्ट’चा आग्रह राहिला. त्या आपत्तींत सुमारें दहा लाख माणसें मेलीं. बाजार मोकळा असला तरी ज्याच्या गांठीं पैसा नाहीं त्याच्या घरीं धान्य पोंचत नाहीं, ह्या गोष्टीस त्यांच्या हिशेबांत जागा नव्हती. गुणांबरोबर हा दोषही सांगितलाच पाहिजे.

१८४७ सालीं विल्सन पार्लमेंटांत गेले व १८५३ पासून पांच वर्षें त्यांनीं तेथील तिजोरीखात्यांत काम केलें. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारावर कर्जाचा मोठा बोजा पडला होता. तो आवरण्यास ते १८५९ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास आले. १८ फेब्रुवारी १८६० रोजीं त्यांनीं अंदाजपत्रक मांडून प्राप्तिकर सुचविला. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनीं उघड विरोध केला, तेव्हां त्यांस परत बोलावण्यांत आलें. २४ जुलैस कर लागू झाला, आणि ११ ऑगस्टला विल्सन आमांशानें कलकत्त्यासच वारले. त्यांचे जांवई वॉल्टर बॅजट यांनीं पुढें ‘इकॉनॉमिस्ट’चें संपादकत्व नांवारूपास आणलें.

त्या पहिल्या करांत जमिनीचें उत्पन्नही धरलें होतें. तो कर १८६५ सालीं बंद झाला. १८८६ च्या कायद्यानें शेतीचें उत्पन्न वगळलें व ही सूट पुढील कायद्यांतही चालत आली.

महसूल खात्यांत आंकडे लिहिण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्या अनुभवावरून वाचकांस एक सुचवावेंसें वाटतें. वर्तमानपत्रांतील बाजारभावाच्या तक्त्यावरून नुसती नजर फिरवूं नये. आपल्या पिकाचे भाव, पेरा व खर्च वर्षभर वहींत टिपून ठेवावे. आयातनिर्यातीचा हुकूम निघाला कीं त्या टिपणाशीं तो ताडून पाहावा. असें टिपण जवळ असलें म्हणजे अर्जांत आपली अडचण आंकड्यांनीं दाखवितां येते, आणि वर्तमानपत्रांतील लेखकाचें म्हणणें कितपत खरें हेंही आपलें आपणांस पारखतां येतें.