प्लॅटिनमवर पाण्याचा उतारा

सिस्प्लॅटिन या कॅन्सरवरच्या औषधाचा मला जुना नाद आहे. प्लॅटिनमचा हा क्षार मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं १८४० च्या दशकातच बनवला होता. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा प्रयोग करत होते, तेव्हा त्याचा गुण योगायोगानं उमगला. ही कथा सगळे सांगतात. एस्तेबान स्विटकोविच मात्र कुणाला आठवत नाही.

सत्तरच्या दशकात हे औषध जवळजवळ मोडीत निघालं होतं. गाठ विरघळायची, पण मूत्रपिंडं निकामी व्हायची. मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी रक्तातलं प्लॅटिनम स्वतःच आत ओढून घेतात आणि त्यातच मरतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमध्ये अर्जेंटिनाहून आलेल्या स्विटकोविचनं सहकाऱ्यांसह कुत्र्यांना शिरेतून भरपूर पाणी दिलं, जोडीला लघवी वाढवणारं मॅनिटॉल. मूत्रपिंडांची हानी बरीच टळली. १९७७ मध्ये हे छापून आलं. १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. मॅनिटॉल खरंच लागतं का, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. माझ्या मते श्रेय पाण्याचंच.

आता नागपुरात या. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार. वर्षानुवर्षं तो गालात धरणाऱ्याचा जबडा आधी आखडतो, दोन बोटंही आत जात नाहीत. पुढे कुणाकुणाला गाठ येते. अशा कॅन्सरात रेडिएशनच्या जोडीला मुख्य औषध सिस्प्लॅटिनच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघतं, घोटभर पाणीही गिळवत नाही. त्यात उलट्या, आणि बाहेर ४५ अंशांचा मे महिना. ज्या पाण्यानं हे औषध तारलं, तेच घशाखाली उतरत नाही! मग नाकातून नळी, नाहीतर सलाईन. अशा माणसाला ‘पाणी भरपूर प्या’ एवढंच सांगून घरी धाडणं मला पटत नाही. किती पाजायचं, कशातून, लघवी कोण मोजणार, हे घरच्यांना समजावून सांगायला नको?

मूत्रपिंडाची तब्येत जोखायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात, पण त्या आकड्यावरही फार विसंबू नये. ते स्नायूंतून येतं. रोगी वाळला की मूत्रपिंड बिघडलेलं असतानाही आकडा बरा दिसतो. लेकरांत इफॉस्फामाइड या कॅन्सरवरच्या दुसऱ्या औषधानं क्रिएटिनिन ठीक राहूनही लघवीवाटे फॉस्फेट वाहून जाऊ शकतं. मग वाढत्या वयात मुडदूस होतो, कधी उपचार संपल्यावर. सोबत दिलं जाणारं मेस्ना मूत्राशय वाचवतं, मूत्रपिंड नव्हे.

सिस्प्लॅटिनची मात्रा कमी करावी, तर तिथंही पेच. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं ३०० रुग्णांवर केलेली तुलना २०१८ मध्ये आली. दर आठवड्याच्या छोट्या मात्रेनं दोन वर्षांनी ५८.५ टक्के रुग्णांत रोग जागच्या जागी आटोक्यात होता, तीन आठवड्यांनी दिलेल्या मोठ्या मात्रेनं ७३.१ टक्क्यांत, पण मोठ्या मात्रेचे तीव्र दुष्परिणामही जास्त. ज्यांना सिस्प्लॅटिन झेपणारच नाही, त्यांच्यासाठी टाटानंच डोसिटॅक्सेल हे दुसरं औषध आजमावलं. नुसत्या रेडिएशननं दोन वर्षांनी ३०.३ टक्के रोगमुक्त होते, डोसिटॅक्सेल जोडल्यावर ४२ टक्के.