बारसे वृत्तपत्राचे

जिल्ह्याच्या कोणत्याही गावी एस.टी.च्या स्थानकावर पहाटेच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले असता, ज्याच्या फळीवर दहा-बारा वर्तमानपत्रांच्या घड्या एकीवर एक रचलेल्या असतात, अशा विक्रेत्याच्या टपरीपाशी घटकाभर रेंगाळण्याची मला जुनी खोड आहे. बातम्या वाचण्याच्या हेतूने मी तेथे थांबतो असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कारण बातम्या बहुधा सर्वत्र त्याच असतात, आणि नसल्या तरी त्या फुकट वाचू देण्याइतका उदार विक्रेता अद्याप माझ्या पाहण्यात नाही. मी वाचतो ती नावे. बीडच्या फळीवर प्रजापत्र, झुंजार नेता, लोकाशा, पार्श्वभूमी आणि त्या शहराच्या प्राचीन नावाचा अभिमान वाहणारे चंपावतीपत्र ही मंडळी शेजारी शेजारी पहुडलेली पाहिली, की एखाद्या पंचक्रोशीतील सगळ्या भाऊबंदांना एकाच पंगतीत जेवताना पाहिल्यासारखे वाटते. कोल्हापुराकडे ‘पुढारी आला का?’ हा प्रश्न सकाळी विचारला तर त्याचे उत्तर टपरीवर मिळते आणि संध्याकाळी विचारला तर ते चावडीवर मिळते. आणि एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवशी पुढारीत पानभर अभीष्टचिंतन झळकले, म्हणजे या दोन्ही अर्थांचा सुखाने संगम होतो.

मुलाचे नाव आत्या ठेवते आणि त्यात मुलाचा काही दोष नसतो. वृत्तपत्राचे नाव मात्र त्याचा जन्मदाता स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना आणि अनेकदा कर्ज काढून ठेवीत असतो. म्हणून त्या नावात त्याची आकांक्षा, त्याचा काळ आणि त्याचा प्रतिपक्ष या तिघांचेही चेहरे उमटलेले असतात. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत पहिल्या मराठी वृत्तपत्राचा पहिला अंक काढला आणि त्यास दर्पण म्हटले, तेव्हा समाजाने आपले मुख त्यात पाहावे एवढीच विनम्र अपेक्षा त्या नावात होती. परंतु आरशाने भागेना. पुढच्या पिढीने दृष्टी वर नेली, ती थेट अंतराळात. भाऊ महाजनांनी 1841 मध्ये प्रभाकर काढला, आणि पुढे 1853 मध्ये धूमकेतू काढला; पुण्यात 1849 साली ज्ञानप्रकाश फाकला, मुंबईत 1862 साली इंदुप्रकाश; आणि ठाण्यासारख्या तेव्हाच्या लहानशा गावी अरुणोदय झाला असता त्याच्यामागून यथाक्रम सूर्योदयही झाला. सूर्य, चंद्र, पहाट, शेंडेनक्षत्र अशी सगळी ग्रहमाला एका पिढीच्या आत छापखान्यात उतरली. अज्ञान हा अंधार आणि मुद्रण हा दिवा, या समजुतीवर त्या पिढीची अढळ श्रद्धा होती, आणि रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याला तिच्यातील विसंगती जाणवली असेल तरी तिची नोंद कोणी केलेली नाही.

ठाण्याच्याच हिंदुपंचाची गोष्ट वेगळी. विलायतेतल्या ‘पंच’ नामक विनोदी साप्ताहिकावरून ते नाव घेतलेले. परंतु आपल्याकडील वाचकाने ते वाचले ते गावच्या पंचाप्रमाणे. विदूषक म्हणून बोलाविलेला पाहुणा अशा रीतीने न्यायासनावर जाऊन बसला! आणि तो तेथूनही इतक्या तिखटपणे बोलू लागला की गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या सौम्य पुरुषाला अखेर त्याच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद करावी लागली.

उजेडाच्या मागून शस्त्रे आली. 1881 च्या जानेवारीत पुण्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन पत्रे निघाली, त्यांपैकी इंग्रजी पत्राचे नाव मराठा आणि मराठी पत्राचे नाव संस्कृतातून उचललेले केसरी, ही गंमत सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. सिंहाने गर्जना केली आणि सुमारे दीड वर्षात कोल्हापूर दरबारच्या कारभाऱ्यावर केलेल्या टीकेपायी टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगाची हवा खावी लागली. म्हणजे ज्यास आपण आज स्थानिक राजकारण म्हणून नाक मुरडतो, त्यातूनच त्या थोर पत्राची पहिली कसोटी निघाली. पुढे शिवरामपंत परांजप्यांचा काळ, भोपटकरांचा भाला, आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील इस्लामपुराहून निघणारा प्रतोद. प्रतोद म्हणजे चाबूक. या आडगावच्या चाबकाचा फटकारा सरकारला एवढा झोंबला की 1897 साली त्याच्यावरचा राजद्रोहाचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सरकारविषयी ‘अप्रीती’ म्हणजे नेमके काय, याचा काथ्याकूट तेथील न्यायमूर्तींना करावा लागला. आज विधिमंडळात पक्षाच्या आमदारांना मतदानासाठी हाकीत नेणाऱ्या अधिकाऱ्यासही आपण प्रतोदच म्हणतो. सरकारवर उगारलेला चाबूक स्वपक्षीयांवर उगारण्याइतका आपला राज्यकारभार प्रगत झाला, असे फार तर म्हणता येईल.

काळ या नावात तर समय आणि मृत्यू असे दोन अर्थ एकाच वेळी दबा धरून बसलेले होते, आणि सरकारने त्यांपैकी दुसराच घेतला. परांजप्यांना 1908 साली शिक्षा झाली आणि 1910 च्या कायद्याने छापखान्यांकडून जामीन मागण्याचा अधिकार सरकारच्या हाती आल्यावर ते पत्र टिकले नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1923 साली नवाकाळ काढला, तेव्हा जुन्या मयताचे नाव नव्या बालकास देण्याची आपली कुलरीतच त्यांनी पाळली. त्याच घराण्यातून पुढे सायंदैनिक निघाले त्याचे नाव संध्याकाळ, आणि त्यातही ‘काळ’ आहेच.

तथापि नावाच्या राजकारणाचा सर्वांत सलग आलेख पाहावयाचा असेल तर तो डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या चार पत्रांत पाहावा. 31 जानेवारी 1920 रोजी मूकनायक निघाले. ज्यांना वाचा नाही त्यांचा नायक, म्हणजे प्रथम मौनाची नोंद. 1927 साली महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर लगोलग निघाले ते बहिष्कृत भारत; येथे मौन संपून फिर्याद दाखल झालेली आहे, आणि तीही अशी की आरोपी कोण हे नावातूनच कळावे. 1930 मध्ये जनता आली आणि बहिष्कृत हा शब्द गळाला. 1956 मध्ये तिचेच प्रबुद्ध भारत झाले. छत्तीस वर्षांच्या चळवळीचा इतिहास ज्याला सवडीअभावी वाचता येत नसेल त्याने ही चार नावे क्रमाने मोठ्याने म्हणावीत.

याच्या उलट कधी कधी नाव आणि धोरण परस्परांकडे पाठ फिरवून बसतात. अलिबागचा कृषीवल 1937 साली निघाला तो चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांविरुद्ध चालविलेल्या दीर्घ संपाच्या दिवसांत, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. ज्यांच्यासाठी ते पत्र होते त्यांच्यापैकी कोणी स्वतःला कृषीवल म्हणवून घेत नव्हता. तो कूळ होता, शेतकरी होता, आगरी होता. पण खोताशी भांडावयाचे तर खोताच्या घरातले भारदस्त संस्कृत नाव अंगावर घालूनच उभे राहावे, असा काही विचार त्यामागे असल्यास तो मला मनापासून पटतो.

गोव्यातील उदाहरण याहून नामी आहे. मुक्तीनंतर 1962 साली पणजीत गोमन्तक सुरू झाला आणि त्यामागून मडगावात राष्ट्रमत. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की पृथक् केंद्रशासित प्रदेश म्हणून ठेवावा, यासंबंधी 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला, त्याआधीच्या दिवसांत या दोन मराठी पत्रांत जुंपलेली लढाई आजही तेथील वृद्ध मंडळी रंगवून सांगतात. नावावरून पाहणाऱ्यास वाटेल की गोमन्तक गोव्याचे वेगळेपण जपणार आणि राष्ट्रमत व्यापक ऐक्याची बाजू घेणार. घडले ते नेमके विपरीत. गोमन्तकाने गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण मागितले. आणि चंद्रकांत केणींच्या राष्ट्रमताने, ज्यात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजत होते, गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व मागितले, तेही मराठीत! 34,021 मतांच्या आधिक्याने विलीनीकरण फेटाळले गेले.

निजामाच्या राज्यात तर नाव हाच गुन्हा होता. आ. कृ. वाघमाऱ्यांनी 1938 साली मराठवाडा हे साप्ताहिक काढले ते संस्थानाच्या हद्दीबाहेर, पुण्यातून. दरबाराने त्यास बंदी करावी आणि अंकाने दुसरे नाव पांघरून पुनः हद्दीत शिरावे, असा लपंडाव काही काळ चालला. बंदी हुकमात नाव लिहावे लागते, आणि नाव पालटताच हुकूम निकामी होतो, ही कारकुनी राज्यकारभारातील फट त्या संपादकाने बरोबर हेरलेली होती. मुळात ‘मराठवाडा’ या शब्दाने एका भूभागाला स्वतःची ओळख सांगणे हेच दरबाराच्या डोळ्यांत सलत असणार.

स्वातंत्र्यानंतर हा लपंडाव संपला आणि त्याच्या जागी अर्जविनंत्यांचा संसार सुरू झाला. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये जिल्हादंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करण्याची वहिवाट होतीच. तीत 1956 साली वृत्तपत्र निबंधकाच्या दिल्लीतील दप्तराची भर पडली. त्या दप्तराचा नियम असा की एकाच भाषेत अथवा एकाच राज्यात दुसऱ्याचे नाव, किंवा त्याच्याशी फसगत होईल इतके सारखे नाव, घेता येत नाही. आता लोक, जन, प्रजा, देश, सत्य आणि मत एवढ्याच मूळ धातूंवर उभ्या महाराष्ट्राची भिस्त असल्यामुळे पहिल्या दोन दशकांतच सोन्यासारखी नावे संपून गेली असल्यास नवल नाही. म्हणून मग मागाहून येणारे ‘दैनिक’ला नाव जोडतात, नावाला गाव जोडतात, गावाला ‘टाइम्स’ जोडतात. आणि ते करूनही भागले नाही की एखादे विशेषण कोठून तरी ओढून आणतात. तऱ्हेवाईक नावांबद्दल आपण संपादकांना हसतो. पण त्यात अर्धा वाटा निबंधकाच्या नकारपत्रांचा आहे. 2024 च्या मार्चपासून नवा कायदा अमलात आला आणि अर्ज संगणकावर गेला, तरी नकाराची चव बदललेली नाही असे या धंद्यातील मंडळी सांगतात.

1867 च्या त्या जुन्या कायद्याची दुसरी देणगी शेवटच्या पानाच्या तळाशी असते. वरती शिरोभागी, खास कोरवून घेतलेल्या ठशात, लोकांचा, जनतेचा किंवा समस्त देशाचा उच्चार झालेला असतो. आणि खाली बारीक टाइपात, मुद्रक-प्रकाशक अमुक यांनी अमुक गल्लीतील अमुक क्रमांकाच्या घरी छापून प्रसिद्ध केले, अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, वाद उद्भवल्यास न्यायकक्षा याच गावची, असा कबुलीजबाब असतो. तालुक्याच्या साप्ताहिकाचा सारा संसार या दोन ओळींच्या मध्ये मांडलेला असतो. नगरपालिकेतील अविश्वास ठराव, साखर कारखान्याच्या संचालकांची निवडणूक, सातबाऱ्यासंबंधी वकिलाची जाहीर नोटीस, निविदा, दशक्रिया विधी, आणि ‘माझे पूर्वीचे नाव बदलले आहे’ अशा छोट्या जाहिराती. शासनमान्य यादीत आपला वर्ग कोणता, अ, ब की क, यावर दिवाळी अंक निघणार की नाही हे ठरते. आणि ज्या नगराध्यक्षाविरुद्ध पहिल्या पानावर गर्जना चाललेली असते त्याच्याच कचेरीतून तिसऱ्या पानाच्या निविदेचे बिल वसूल करावयाचे असते. नावात भाला असून चालत नाही, तो कोणत्या आठवड्यात म्यान करावा याचे भान लागते. भाल्याला म्यान नसते हे मला ठाऊक आहे, संपादकालाही ठाऊक असते.

आणि तरीही या पेशात नावाने माणसाला गिळावे असा एक विलक्षण प्रकार आपल्या भाषेने करून ठेवलेला आहे. काळकर्ते परांजपे, भालाकार भोपटकर, संदेशकार कोल्हटकर, प्रबोधनकार ठाकरे, सत्यवादीकार पाटील, पुढारीकार जाधव; पत्र बंद पडले तरी उपाधी सुटत नाही, आणि कित्येकांच्या बाबतीत जन्मनाव सांगितले तर ओळख पटत नाही. राजेरजवाड्यांनी दिलेल्या किताबांपेक्षा हे किताब टिकाऊ ठरले, कारण ते घेणाऱ्याने स्वतःच शोधून काढलेले होते.

माझ्या परिचयाचे एक वयोवृद्ध संपादक आहेत. साप्ताहिकासाठी पसंतीच्या क्रमाने काही नावे कळवावयाची होती, तेव्हा त्यांनी चार नावे महिनाभर विचार करून, घरच्यांना विचारून, शेवटी ज्योतिषालाही दाखवून लिहिली; पाचवी जागा रिकामी दिसू नये म्हणून टपालपेटीपाशी उभ्याउभ्या जे सुचले ते खरडले. दिल्लीहून पाचवे मंजूर होऊन आले. ते नाव येथे सांगत नाही, कारण पत्र अद्याप चालू आहे आणि संपादकांना विनोद सोसत नाही. परंतु परवा त्यांच्या गावी गेलो असता रिक्षावाल्याला मी त्यांचे आडनाव सांगितले, आळी सांगितली, घराजवळचे मारुतीचे देऊळ सांगितले, तरी त्यास उमज पडेना. मग ते पाचवे नाव उच्चारून पुढे ‘कार’ लावला, तेव्हा त्याने ‘मग आधीच नाही का सांगायचं,’ असे म्हणून रिक्षा वळविली.