आमच्यामागे याचे कोण?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखान्यातली संध्याकाळची गर्दी ओसरत आली होती. साठीच्या घरातल्या एक बाई रक्तदाब तपासून घ्यायला आल्या. बरोबर त्यांचा पंचविशीचा मुलगा होता. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. गोळ्या वेळेवर घेता का, मीठ कमी केले का, असे नेहमीचे प्रश्न झाले. "झोप लागते का?" असे विचारताच बाईंचे डोळे भरून आले. "झोप कुठली डॉक्टरसाहेब? मी गेल्यावर ह्याला कोण बघणार, ह्याच विचारात रात्र सरते."

मुलाला जन्मतः डाऊन सिंड्रोम आहे. लहानपणापासून तो माझ्याकडेच येतो. इतक्या वर्षांत त्याला तापाची, खोकल्याची औषधे पुष्कळ दिली. पण त्याच्याशी मी स्वतः किती वेळा बोललो, याचे उत्तर लाजिरवाणे आहे. "याला काय होतंय?" असे मी नेहमी आईलाच विचारत आलो.

त्या दिवशी बाईंना मी एक वेगळा प्रश्न विचारला, "घरची माणसे सोडून गावात किती जण याला नावाने हाक मारतात?" बाई बोटांवर मोजू लागल्या. शेजारच्या दोघी, एक चुलता, किराणा दुकानदार. पाचवे नाव काही सुचेना. वळसंगसारख्या मोठ्या गावात पंचवीस वर्षे राहून चार माणसे! बाईंच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यातच आहे, असे मला वाटते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

हे वेड नव्हे

मुलाची बुद्धी, बोलणे, चालणे किंवा इतरांत मिसळणे यांची वाढ लहानपणापासूनच मंद किंवा वेगळी असते, तेव्हा त्याला विकासात्मक अपंगत्व म्हणतात. यात मुख्यतः चार प्रकार आपल्याला दिसतात. पहिला बौद्धिक अक्षमतेचा. पूर्वी याला मतिमंदत्व म्हणत. दुसरा डाऊन सिंड्रोम. यात पेशींमध्ये ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, हे १९५९ साली सिद्ध झाले. तिसरा सेरेब्रल पाल्सी. यात मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताठ किंवा लुळे राहतात. मात्र बुद्धी पुष्कळदा उत्तम असते. चौथा स्वमग्नता. यात मूल नजर कमी देते, हाकेला ओ देत नाही, एकच कृती पुन्हा पुन्हा करते.

हे वेड नव्हे. मानसिक आजार चांगल्या माणसाला पुढे कधीही होऊ शकतो. विकासात्मक अपंगत्व बालपणापासून असते. ते संसर्गजन्य नाही. ग्रहणामुळे, मागच्या जन्मीच्या पापामुळे किंवा कोणाच्या नजरेमुळे ते होत नाही. "लग्न करून द्या, सुधारेल" हा सल्ला तर दोन घरांचे नुकसान करणारा आहे.

कारणे अनेक आहेत. काही गुणसूत्रांतली, काही बाळंतपणातली. बाळ उशिरा रडणे, कमी दिवसांचे असणे, कावीळ फार वाढणे वगैरे. आपल्या सीमाभागात मामा-भाची व मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्ने पुष्कळ होतात. त्यांतल्या बहुतेकांची मुले निरोगी असतात. तरी काही आनुवंशिक दोषांचा धोका अशा लग्नांत वाढतो, हे सोयरीक जुळवतानाच ध्यानात घ्यावे. अनेकदा नेमके कारण सापडतही नाही. तेव्हा सुनेला दोष देण्याचे कारण नाही.

वाट पाहू नका

मूल चार महिन्यांपर्यंत मान धरत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत बसत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल किंवा अर्थाचा एकही शब्द बोलत नसेल, तर "याचा बापही उशिराच बोलला" असे म्हणत थांबू नये. आपल्याकडे घरात कन्नड आणि अंगणवाडीत मराठी असते. दोन भाषांमुळे मूल मुके राहते, हा गैरसमज आहे. आधी कान तपासावेत. नीट ऐकू न येणे आणि थायरॉईडची कमतरता ही दोन कारणे वेळेवर सापडली तर पुष्कळ नुकसान टळते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या दिवशी असे मूल घरी लपवून ठेवू नये. खरे तर त्याच्यासाठीच ते पथक आलेले असते.

सहवास हेही औषधच

मंद वाढ असलेला माणूस शिकतो. फक्त सावकाश शिकतो. शिकलेले वापरायला मिळाले तरच ते टिकते. दिवसभर खाटेवर बसवून ठेवलेला मुलगा बोलायचे विसरतो, वजन वाढवून घेतो, चिडका होतो. मग घरचे म्हणतात, "बघा, हा असा मारतो, ह्याला बाहेर कसा न्यायचा?" बंद खोलीत वाढलेला राग दाखवून खोली बंदच ठेवायची, असे हे चक्र आहे.

दुसरा धोका आमच्या डॉक्टरमंडळींकडून असतो. दात दुखत असला, कान फुटला असला, बद्धकोष्ठ असले तरी सांगता न आल्याने मुलगा डोके आपटतो आणि आम्ही "तो तसाच आहे" म्हणून सोडून देतो. डाऊन सिंड्रोमच्या माणसात थायरॉईडचे, हृदयाचे आणि कानाचे दोष जास्त आढळतात. वागणे अचानक बदलले तर आधी शरीर तपासावे.

१९९१ साली 'चौकट राजा' हा चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून थिएटरात रुमाल ओले झाले. पण बाहेर आल्यावर आपल्याच गल्लीतल्या नंदूशी थांबून किती जण बोलले, हा प्रश्न उरतोच.

संस्था की गाव?

काहींना वाटेल, त्यापेक्षा संस्थेत ठेवलेले बरे. चांगल्या संस्था हव्यातच. पुण्याच्या 'कामायनी'ने १९६४ पासून अशा मुलांचे शिक्षण आणि कामाचे प्रशिक्षण हाती घेतले आणि ही मुले शिकू शकतात हे महाराष्ट्राला दाखवले. पण चार भिंतींआड काय होऊ शकते, तेही आपण पाहिले आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिले गेले. राज्यभर गदारोळ झाला. घड्या वापरणे, बदलणे, हात धुणे हे बहुतेक मुलींना चित्रांच्या व सरावाच्या साहाय्याने शिकवता येते. पण शिकवायला वेळ देणारे माणूस लागते.

याउलट बेल्जियममधल्या घेल या गावाचे उदाहरण घ्या. तिथली सामान्य शेतकरी कुटुंबे मनोरुग्णांना आणि मंदबुद्धी माणसांना शेकडो वर्षांपासून आपल्या घरात ठेवून घेत आली आहेत. १९३०च्या दशकात अशी साडेतीन हजारांहून अधिक माणसे त्या गावात राहत होती. ती घरच्यांबरोबर जेवत, शेतात हात लावत, बाजारात फिरत. पुढे तिथे डॉक्टर आणि सरकारी रुग्णालय यांची जोड मिळाली. पण मूळ आधार होता तो शेजाऱ्यांच्या सवयीचा. लहानपणापासून पाहिलेल्या माणसाची भीती वाटत नाही, इतकेच.

आपल्या गावात काय करता येईल?

बोलणे : त्याच्याकडे पाहून, त्याच्या नावाने, लहान वाक्यात बोला. प्रश्न विचारल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. 'खुळा', 'येडा' ही हाक कोणी मारली तर मोठ्यांनी तिथेच टोकावे. मुले आपलेच ऐकून बोलतात.

शाळा : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो वर्गात बसून गणितात मागे राहील. पण प्रार्थना, खिचडी, मैदान आणि चाळीस वर्गमित्र त्याला तिथेच मिळतील. हेच वर्गमित्र पुढे गावातले दुकानदार, शिक्षक आणि सरपंच होणार आहेत.

काम : मोठे काम लहान टप्प्यांत मोडा. डेअरीला दूध नेणे म्हणजे किटली उचलणे, रस्त्याच्या कडेने चालणे, रांगेत उभे राहणे, किटली देणे, पावती घेणे, घरी आणून देणे. पहिला आठवडा सगळे आपण करा आणि पावती घरी आणून द्यायचा शेवटचा टप्पा त्याला करू द्या. मग एकेक टप्पा मागून पुढे वाढवा. काम पुरे केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो. कामाचे पैसे ठरले असतील तर ते त्याच्या हातात द्यावेत.

सण-समारंभ : लग्नात त्याला मागच्या खोलीत बसवू नका. पंगतीत पाणी वाढणे, भजनात टाळ धरणे, गणपतीपुढे प्रसाद वाटणे, ही कामे त्याला जमतात. अक्कलकोटला दर्शनाला जाताना बरोबर न्या. गड्ड्याच्या यात्रेतला कर्णा-गोंगाट स्वमग्न मुलाला मात्र सहन होत नाही; त्याला गर्दी नसलेल्या वेळी न्यावे.

फेफरे : यातल्या काहींना झटके येतात, म्हणून लोक बिचकतात. झटका आला तर कुशीवर वळवा, जवळची टोकदार वस्तू दूर करा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखान्यात न्या. गोळ्या मनाने बंद करू नका.

सुरक्षा : माणसांत मिसळणे म्हणजे कोणाच्याही स्वाधीन करणे नव्हे. अंगाला नको तिथे हात लावला तर 'नको' म्हणणे आणि घरी सांगणे मुलाला, मुलीला दोघांनाही शिकवा. ओळखीची माणसे जितकी जास्त, तितके लक्ष ठेवणारे डोळे जास्त.

कागदपत्रेही हवीत

सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरून ओळखपत्र काढून घ्या. त्यावर एस.टी. व रेल्वेची सवलत मिळते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. अठरा वर्षांनंतर ज्याला गरज आहे त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करता येतो. आईवडील हयात असतानाच हे विचारात घ्यावे. न्यायालयाने तशी घोषणा केलेली नसेल, तर मतिमंद माणसालाही मताचा अधिकार आहे. त्याचे नाव यादीत घाला.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा नियम आहे. येत्या ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारा आणि विचारायला जाताना मुलाला बरोबर न्या. ज्याच्या नावचा पैसा, तो माणूस सभेला दिसलेला बरा.

आता त्या बाईंकडे येतो. मुलगा हल्ली शेजारच्या पोराबरोबर डेअरीला जातो. एकदा दूध सांडले, एकदा दुसऱ्याचीच किटली घेऊन आला. डेअरीवाला थोडा वैतागला. पण आता तो त्याला नावाने हाक मारतो आणि एखादा दिवस आला नाही तर चौकशी करतो. बाईंचा आकडा चारावरून नऊवर गेला आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालूच आहेत आणि काळजीही संपलेली नाही. ती एका लेखाने किंवा एका डेअरीने संपणारही नाही.

मागच्या खेपेला मी आईकडे न बघता त्यालाच विचारले, "काय होतंय रे?" आई बोलणार, तेवढ्यात मी हाताने थांबवले. थोडा वेळ गेला. मग त्याने उजव्या कानावर हात ठेवला. पाहिले तर आत पू होता. आईला काहीच कल्पना नव्हती.

वाचकहो, आपल्या गल्लीतही असा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. या आठवड्यात त्यांचे नाव विचारून घ्या आणि पुढच्या वेळी त्या नावाने हाक मारा. "आमच्यामागे याचे कोण?" या प्रश्नाला एकट्या भावाने किंवा वहिनीने पुरे पडणे कठीण आहे. गावाने थोडे थोडे उत्तर द्यायला आजपासून लागावे, आई दारात उभी आहे तोवर.