कोठारातील भुंगेरे आणि भुकटीचा मोह

निवासी शाळेत धान्य पोत्यांनी येते व महिनोन्महिने साठवावे लागते. गोवंडी खाडीजवळ असल्याने पावसाळ्यात येथील हवा फार दमट असते. दाणा ओल धरतो आणि तांदळात सोंडे, गव्हात दाणे पोखरणारे व पिठात तांबडे भुंगेरे वाढू लागतात. अशा वेळी एखादी भुकटी मिसळून मोकळे व्हावे, असा मोह होतो. तो का टाळावा, हे आम्ही येथे मांडत आहोत.

सोंड्याची मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते व ते छिद्र बुजवते. अळी दाण्यातच वाढते आणि सुमारे महिनाभराने भुंगेरा बाहेर पडतो. म्हणजे किडा दिसतो, तेव्हा पुढची पिढी दाण्यांत दडलेली असते. वरून लावलेली भुकटी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

भुकट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. मॅलॅथिऑनची ५ टक्के भुकटी किड्याच्या मज्जासंस्थेवर आघात करते. ती पेरणीच्या बियाण्यासाठी आहे; खाण्याच्या धान्यात ती कदापि मिसळू नये. घरोघरी तांदळाला चोळली जाणारी बोरिक पावडर हीदेखील विषारीच. दुसरा प्रकार राखेचा. तिचे बारीक कण किड्याच्या अंगावरील मेणाचा थर बिघडवतात. शरीरातील ओलावा उडून किडा सुकून मरतो. आपल्या आज्या कडधान्य राखेत ठेवीत, त्यामागे हेच कारण होते. परंतु दमट हवेत हा परिणाम मंदावतो. धुरी देण्याच्या विषारी गोळ्यांचा वायू तर शेजारच्या खोलीत निजलेल्या मुलांच्या जिवावर बेतू शकतो.

प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील आपण नित्य ग्रहण करतो. कीड मारण्यापेक्षा ती होऊ न देणे, हे त्या शीलाला धरून आहे आणि मुलांच्या आरोग्यालाही हितकर आहे. त्यासाठी गहू व कडधान्ये कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावरच भरावीत. त्यांतील ओल १२ टक्क्यांहून कमी असावी. तांदूळ उन्हाने तडकतो, म्हणून तो सावलीत पसरावा. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. रिकामी पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवावीत. फटींतील सांडलेले दाणे झाडून टाकावेत. जुन्या धान्यात नवे मिसळू नये. आधी आलेले आधी वापरावे. दर पंधरवड्यास एकेक पोते उघडून, चाळून पाहावे.