सायकल फुकट चालत नाही : चांगल्या सायकलीचा खरा हिशेब



उसाचा एकरी खर्च विचारला तर आपल्यातले पुष्कळ सभासद नांगरटीपासून बांधणीपर्यंत तोंडपाठ सांगतात. बेणे किती, लागणीची मजुरी किती, खताचे डोस किती, सगळं बोटांवर. पण दारात उभ्या असलेल्या सायकलीला वर्षाकाठी काय खर्च येतो, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "सायकलीला कसला आलाय खर्च? हवा भरली की चालली!"

मी शेतकी खात्यात चिटबॉय म्हणून लागलो तेव्हा माझीही समजूत हीच होती. लागणीच्या नोंदी, तोडणीच्या चिठ्ठ्या, सगळं काम सायकलवरून. पहिल्या दोन वर्षांत तिच्यावर मी फक्त हवेचे पैसे खर्च केले आणि तिसऱ्या वर्षी नवी सायकल घ्यावी लागली. दुसरी मात्र पुढे कित्येक हंगाम टिकली. सायकल तशीच होती, बदलली ती माझी सांभाळण्याची रीत.

हे आज लिहायचं कारण असं. मागच्या पावसाळ्यात गटातल्या एका सभासदाच्या घरी गेलो होतो. गोठ्यात खताच्या रिकाम्या पोत्यांखाली नवी दिसणारी लेडीज सायकल पडलेली. नववीतल्या मुलीची. विचारलं तर म्हणाले, "पायडल मारताना टकटक वाजायचं. मग एक दिवस पायडलचा दांडाच लुळा झाला. आता तीन-चारशे कुठं घालत बसू?" हायस्कूल चार किलोमीटरवर. मुलगी दोन महिने कधी चालत, कधी कुणाच्या तरी मोटारसायकलवर, आणि कुणी नाही भेटलं तर त्या दिवशी घरीच. मूळ दुखणं होतं वीस रुपयांच्या कॉटर पिनचं!

घसारा म्हणजे काय?

कारखान्याच्या वार्षिक अहवालात आपण दरवर्षी 'घसारा' हा शब्द वाचतो. यंत्र घेतलं त्या दिवशी पैसे गेले हे खरं, पण यंत्र झिजतं वर्षानुवर्षे, म्हणून त्याची किंमतही वर्षानुवर्षे खर्चात धरायची. सायकलीलाही हेच लागू.

साधी काळी सायकल आज साडेसहा हजार रुपयांना मिळाली असं धरू. वर कुलूप, पंप, कॅरियर वगैरे मिळून साडेसात हजार. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. खरेदी करताना बिल मागून घ्यावे.) सायकलीचं वजन साधारण २० किलो. अखेरीस भंगारात पाचशे रुपये आले तर प्रत्यक्ष गेले सात हजार. सायकल १५ वर्षे चालली तर घसारा वर्षाला ४६७ रुपये. पाचच वर्षांत मोडीत गेली तर १,४०० रुपये. म्हणजे दुकानदाराशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा सायकल किती वर्षे टिकवायची, यात खरा पैसा आहे.

झीज होते कुठे?

२८ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. एक किलोमीटर जायला चाक साधारण साडेचारशे वेळा फिरतं. रोज १० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,००० किलोमीटर, म्हणजे चाकाचे तेरा लाखांवर फेरे! एवढे फेरे आतले छर्रे ग्रीसशिवाय कसे काढतील? गिरणीचं बेअरिंग कोरडं चालवायला आपण कधी धजावतो का?

टायर-ट्यूब. सगळ्यात मोठा खर्च इथे, आणि तो वाढवतो आपणच. हवा कमी असताना खड्ड्यात चाक आदळलं की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर समजावं, हे काट्याचं पंक्चर नव्हे, हे कमी हवेचं पंक्चर. काट्याचं असेल तर ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून बाभळीचा काटा शोधून काढलाच पाहिजे. नाही तर गावाबाहेर पडेपर्यंत पुन्हा पंक्चर. सायकल उन्हात उभी राहिली की टायरच्या कडा चिरतात, ते वेगळंच. टायर घेताना बाजूवरचा आकडा पाहावा. २८ x १½ किंवा ४०-६३५ असेल तर तो कुठल्याही कंपनीच्या त्या मापाच्या काळ्या सायकलीला बसतो.

चेन आणि फ्रीव्हील. चेनची एक कडी बरोबर अर्ध्या इंचाची. म्हणून घरातली फूटपट्टी चेनला लावली तर २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. १/१६ इंच जास्त भरल्या तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच जास्त भरल्या तर चेनने फ्रीव्हीलचे आणि पुढच्या चक्राचे दातही खाल्ले म्हणून समजा. मग एका चेनऐवजी तीन वस्तू घ्याव्या लागतात. चेनला गोडेतेल घालू नये, ते चिकटून बसतं आणि धूळ धरतं. जळकं इंजिन ऑइलही नको. मशीनचं साधं तेल कडीकडीवर थेंब थेंब सोडावं आणि वरचं फडक्याने पुसून टाकावं. तेल आत पाहिजे, बाहेर नको.

कॉटर पिन. पायडलचा दांडा आसाला जखडून धरणारी ही पाचर. दर फेऱ्याला एकदा 'टक' वाजलं तर ती सैल झाली. त्याच दिवशी गॅरेजवर जावं. फक्त नट आवळून भागत नाही. दांड्याला खालून आधार देऊन पिन ठोकून बसवावी लागते, मग नट. तशीच चालवली तर दांड्याचं भोक मोठं होतं आणि दांडाच बदलावा लागतो. त्या सभासदाच्या घरी हेच झालं होतं.

चाकाच्या तारा. काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, कारण बोजा मागे जास्त. पण वाढ्यांची दोन माणसांची पेंढी किंवा युरियाचं ४५ किलोचं पोतं कॅरियरवर लादून बांधावरून सायकल उतरवली, तर चाळीस तारा तरी काय करतील? एक तुटली की शेजारच्या दोघींवर भार येतो आणि चाक आऊट होतं. एक तार वेळेवर टाकणं स्वस्त, रिम टाकणं महाग. शिवाय सांडलेलं खत लोखंड खातं. खत वाहिल्यावर सायकल ओल्या फडक्याने पुसावी आणि कोरडी करावी. पाण्याचा पाइप थेट आसावर मारू नये, ग्रीस धुऊन जातं.

ब्रेक. इथे काटकसर करायचीच नाही. सळईच्या ब्रेकचं रबर रिमला आतून घासतं. रबर झिजून लोखंड टेकलं की रिम चिरते, आणि कॅनॉलच्या उतारावर माणूस थांबत नाही. शंभर रुपयांच्या आत येणाऱ्या रबरासाठी हात-पाय पणाला लावू नयेत.

वर्षाचा ताळेबंद

खालचे भाव अंदाजे धरले आहेत. आपल्या बाजारपेठेप्रमाणे थोडे कमी-जास्त करून घ्यावेत.

सांभाळलेली सायकल, वर्षाचा खर्च :
घसारा : ४६७ रु.
टायर-ट्यूब (जोडी ११०० रु., दोन वर्षांतून एकदा) : ५५० रु.
पंक्चर ८, प्रत्येकी ३० रु. : २४० रु.
वर्षातून एकदा पूर्ण ओव्हरहॉल, छर्रे-ग्रीससह : ३५० रु.
तेल : १०० रु.
ब्रेकची रबरं : ८० रु.
चेन-फ्रीव्हील (४५० रु., तीन वर्षांतून एकदा) : १५० रु.
कॉटर पिन, पायडल, तारा, किरकोळ : १५० रु.
एकूण : २,०८७ रु.

तीन हजार किलोमीटरला भागलं तर किलोमीटरला ७० पैसे. चालवण्याचे दिवस ३००, म्हणजे दिवसाला सात रुपये.

न सांभाळलेली सायकल, वर्षाचा खर्च :
घसारा : १,४०० रु.
टायर-ट्यूब दरवर्षी : १,१०० रु.
पंक्चर १५ : ४५० रु.
चेन, फ्रीव्हील, पुढचं चक्र, दांडा : ६०० रु.
तारा, रिम : ३०० रु.
एकूण : ३,८५० रु.

म्हणजे ओव्हरहॉल, तेल आणि रबर मिळून ५३० रुपये वाचवले आणि वर पावणेदोन हजारांची भर घातली! याला काटकसर म्हणायचं का? शिवाय सायकल बंद पडलेल्या दिवसांचा हिशेब यात नाहीच.

कुणी म्हणेल, मग मोटारसायकलच काय वाईट? जिथे लांब जायचंय, तिथे ती लागतेच. पण तेच तीन हजार किलोमीटर, लिटरला ५० किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये धरलं तरी नुसत्या पेट्रोलचे सहा हजार होतात. घसारा, टायर, विमा आणखी वेगळा.

सभासदांनी काय करावे?

१. नवी सायकल घेतल्यावर महिन्याभरात एकदा गॅरेजवर न्यावी. नव्या तारा आणि कॉटर पिना बसकण घेऊन सैल होतात, त्या आवळून घ्याव्यात.
२. आठवड्यातून एकदा अंगठ्याने दाबून हवा पाहावी. घरात पंप असावाच.
३. पंधरा दिवसांतून एकदा चेनला तेल. पावसाळ्यात भिजली की त्याच संध्याकाळी.
४. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा पूर्ण खोलून ओव्हरहॉल.
५. नवा आवाज आला की सायकल काहीतरी सांगतेय असं समजावं. "चालतेय तोवर चालू द्या" असं म्हणू नये.
६. घेताना आपल्या गावच्या गॅरेजवाल्याला विचारावं, "याचे पार्ट इथं मिळतात का?" गिअर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरची सायकल दिसायला देखणी, पण एक तुकडा आणायला शहर गाठावं लागत असेल तर ती आपल्या कामाची नव्हे.
७. पहिला हप्ता जमा झाला की सायकलीच्या नावाने दीड-दोन हजार बाजूला ठेवावेत.

मुलींच्या सायकलीबद्दल आणखी एक. मानव विकास कार्यक्रम ज्या तालुक्यांत लागू आहे, तिथे शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. ही रक्कम २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली. चौकशी शाळेत करावी. पण अनुदान सायकल घेण्यासाठी आहे. तिच्या तेल-ग्रीसची जबाबदारी घराची.

बंधूंनो, गळीत हंगाम संपला की आपला कारखाना काही महिने बंद असतो. त्या काळात रोलर, गिअर, बेअरिंग खोलून साफ केली जातात. चालू हंगामात मिल थांबली तर तासातासाला किती नुकसान, हे आपण जाणतो, म्हणून त्या खर्चाला सर्वसाधारण सभेत कुणी नावं ठेवत नाही. आपल्या घरच्या मुलीचं शाळेचं वर्ष हाही हंगामच आहे. तो मध्येच थांबला तर त्याचं नुकसान कोणत्या खात्यात दाखवणार?

त्या सभासदाने पुढच्याच बाजाराच्या दिवशी सायकल तालुक्याला नेली. दांडा, पिन, मजुरी आणि ओव्हरहॉल मिळून सहाशे ऐंशी रुपये झाले. परवा गट ऑफिसात भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, आता टक वाजलं की पोरगीच सांगते, अण्णा, आजच गॅरेजला न्यायची." एवढं एक वाक्य आपल्या प्रत्येक घरात ऐकू यावं, म्हणून हा लेखप्रपंच.