पेटीवाले गोविंदराव

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलेच. थंडीत शाल पांघरून पहाटेपर्यंत बसणारे प्रेक्षक अर्जुनी मोरगावच्या वाचकाला नव्याने सांगायला नकोत. लहानपणी अशी कित्येक नाटके मी पेटीशेजारी झोपून ऐकली आहेत, कारण ती पेटी माझे बाबा वाजवीत.

बाबांचे शिक्षण चौथीपर्यंत. स्वरलिपी त्यांना वाचता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी चारचौघांत सांगितले की, पेटी हे आपले वाद्यच नव्हे, तिच्यात खरा सूरच नाही. बाबा तिथे काही बोलले नाहीत. घरी पेटीवर कापड टाकताना एवढेच म्हणाले, "खरा सूर नाही, तं मंग लोकायच्या डोऱ्यात पानी कायले येते?" हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याचा माग काढता काढता मला गोविंदराव टेंबे सापडले.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालचा, कोल्हापूरकडचा. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर तेव्हा गाण्याचे माहेरघर झाले होते. देवल क्लबात मोठमोठे गवई येत, आणि दरबारी गायक अल्लादियाखाँ तर तिथेच राहत. गोविंदरावांनी गुरू मानले ते भास्करबुवा बखले यांना. पण विद्या मिळाली ती मुख्यतः साथीला बसून. गवई गातो आहे आणि आपण त्याच्या मागोमाग पेटीवर जातो आहोत, हीच त्यांची शाळा! हे वाचून मला फार बरे वाटले. बाबाही असेच शिकले.

आता पाहुण्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे नाही, हे कबूल केले पाहिजे. हार्मोनियम हे मूळचे युरोपातले वाद्य. भात्याने हवा दाबायची, ती पितळी पात्यांवरून गेली की पाती थरथरतात आणि सूर निघतो. पण प्रत्येक पात्याचा सूर ठरलेला. सप्तकात बारा पट्ट्या, त्यांच्या अधेमधे काही नाही. गळा किंवा सारंगी एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, ती मींड. पेटीला ती येत नाही. शिवाय आपले राग ज्या बारीक श्रुती मागतात, त्या तिच्या ठराविक सुरांत नेमक्या बसत नाहीत. याच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. रवींद्रनाथ ठाकुरांनाही हे वाद्य रुचत नसे.

मग गोविंदरावांनी काय केले? त्यांनी पेटीवर गायकी आणली. पट्ट्या तर ठरलेल्याच. पण भाता किती दाबायचा, बोट केव्हा उचलायचे, कोणत्या सुरावर थांबायचे, हे वाजवणाऱ्याच्या हाती असते. माझ्या समजुतीप्रमाणे सारे रहस्य इथेच आहे. तालमीत बाबांचा डावा हात पाहिला की ते कळते.

पण ते नुसते वादक नव्हते. १९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदरावांच्या. जुन्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कीर्तनी वळणाच्या चाली पुष्कळ असत. गोविंदरावांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाची सुरावट मराठी पदांत आणली. पुष्कळदा चाल आधी आणि शब्द मागून, अशी ही रचना! नाटकाला स्वतंत्र संगीतकार असावा ही प्रथा त्यांच्यापासून रुजली. पुढे १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र येऊन जो गाजलेला प्रयोग केला, तो याच नाटकाचा.

१९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. ही भागीदारी फार टिकली नाही. त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, तीही चालली नाही. व्यवहार त्यांना साधला नसावा. मग १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले, आणि संगीतही त्यांनीच दिले. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नट कॅमेऱ्यासमोरच गाई. त्यांनी लिहिलेही पुष्कळ. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे.

१९५५ मध्ये गोविंदराव गेले, तेव्हा आकाशवाणीवरची बंदी कायमच होती. आयुष्यभर ज्या वाद्याने त्यांना ओळख दिली, त्याला त्या दारात मज्जाव! १९७१ पासून ती काही अटींसह उठू लागली.

हे सारे मी बाबांना सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "रेडिओवर बंदी होती तवा लोक पेटी वाजवत नोते का?" मी म्हटले, "वाजवत होते." ते "हं" म्हणाले आणि भात्याला जिथे चीर गेली होती तिथे रेक्झिनची पट्टी चिकटवू लागले. मंडईच्या नाटकाची तालीम दुसऱ्या दिवशीपासून होती.